त्याला अपेक्षित आहे ते करू नका : हल्लेखोरासमोरून जिवंत निसटण्यासाठी नवख्यांना मार्गदर्शन

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. स्टेशनबाहेरच्या जिन्याच्या तळाशी एक माणूस माझ्या वाटेत येऊन उभा राहिला. हातात बाटली, तीही मानेकडून उलटी धरलेली. ‘काय बघतोस रे?’ त्याने विचारलं. मी काही बोललो नाही. त्याने पुन्हा तेच विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारताना एक पाऊल पुढे टाकलं. मी त्याच्या डाव्या पायाकडे बघितलं आणि काळजीच्या सुरात म्हणालो, ‘अहो, तुमच्या पायाला रक्त येतंय.’

त्याने मान खाली घातली. रक्तबिक्त काही नव्हतं. पण तो आपला बूट निरखत असताना मी कठड्याला वळसा घालून तिकीट खिडकीच्या उजेडात पोचलो होतो. मागून शिव्या ऐकू आल्या, पावलं मात्र ऐकू आली नाहीत.

स्वसंरक्षण शिकायला येणाऱ्यांना मी हा प्रसंग पहिल्याच दिवशी सांगतो. ऐकणाऱ्यांना त्या वाक्याची गंमत वाटते आणि ते वाक्य पाठ करतात. खरं काम वाक्याने अर्धंच केलं होतं. तो माणूस दुसऱ्यांदा ओरडला तेव्हाच मी तिकीट खिडकी हेरून ठेवली होती आणि उजवा पाय त्या दिशेला वळवला होता. तेवढं केलेलं नसतं, तर तो बूट बघून वर मान करेपर्यंत मी तिथेच उभा असतो आणि मग तो दुप्पट चिडलेला असता. पुढे जे काही लिहितो आहे ते याच एका गोष्टीभोवती आहे. अनपेक्षित वागण्याने एक-दोन सेकंद मिळतात. त्या सेकंदांचं काय करायचं हे आधी ठरलेलं असेल तरच ते उपयोगाचे.

हे चालतं कशामुळे

हल्ला करायला आलेल्या माणसाच्या डोक्यात एक चित्र तयार असतं. मी दरडावीन, हा घाबरेल. मी हात धरीन, ही ओढून घ्यायचा प्रयत्न करेल. समोरचा माणूस विनवण्या करेल किंवा उलट अंगावर येईल, या दोन्हींची तयारी त्याने केलेली असते, बहुतेक वेळा आधी अनुभवही घेतलेला असतो. या चित्रात न बसणारं काही घडलं की मेंदूला थांबून ‘हे काय आहे?’ असं विचारावंच लागतं. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना ही प्रतिक्रिया टिपली होती: नवा आवाज किंवा नवी हालचाल जाणवली की प्राणी हातातलं काम सोडून तिकडे मान वळवतो. माणूसही वळवतो. ते त्याच्या मर्जीवर नसतं.

अमेरिकेच्या हवाई दलातले लढाऊ वैमानिक जॉन बॉइड यांनी लढतीचं चक्र चार टप्प्यांत मांडलं होतं: पाहणं, अर्थ लावणं, ठरवणं, करणं. हल्लेखोर तुमच्यासमोर येतो तेव्हा त्याचे पहिले तीन टप्पे उरकलेले असतात, तुम्ही अजून पहिल्यावर असता. म्हणून तो वेगवान वाटतो. त्याला अर्थच लागणार नाही असं काही केलंत की तो पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर येऊन अडकतो. दिवा लागताच बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामाला सावध माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. न समजणाऱ्या गोष्टीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

मानसोपचारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन यांनी 1923 मधली आपली एक आठवण लिहून ठेवली आहे. वाऱ्याच्या दिवशी कोपऱ्यावरून धावत आलेला एक माणूस त्यांच्यावर आदळला. तो काही बोलणार एवढ्यात एरिक्सन यांनी घड्याळात बघितलं आणि त्याने वेळ विचारल्यासारखं अदबीने सांगितलं, ‘दोनला बरोबर दहा मिनिटं कमी आहेत.’ प्रत्यक्षात चार वाजत आले होते. एवढं बोलून ते चालू लागले. बऱ्याच अंतरावर जाऊन मागे बघितलं, तर तो माणूस अजून त्यांच्याकडे बघत तिथेच उभा होता. त्यात हल्ला वगैरे काही नव्हता, पण गोंधळ कसा पकडून ठेवतो हे यातून नेमकं दिसतं. आणि एरिक्सन बोलून थांबले नाहीत, चालू लागले, हेही लक्षात घ्या.

पहिली पायरी : याला हवंय काय?

इथे घाई करू नका, कारण इथली चूक जीवावर बेतते. समोरच्याला वस्तू हवी असेल, म्हणजे पाकीट, फोन, गाडीची किल्ली, आणि त्याच्या हातात शस्त्र असेल, तर अनपेक्षित काहीही करू नका. लुटारू आधीच घाबरलेला असतो. त्याचं बोट ट्रिगरवर किंवा मूठ सुऱ्यावर आवळलेली असते. अशा माणसाला दचकवणं म्हणजे ते बोट आपणच दाबणं. त्याच्याशी शक्य तितकं सरळ, त्याला आधीच कळेल असं वागा. ‘पाकीट मागच्या खिशात आहे, उजव्या हाताने काढतो’ असं सांगा, मग सावकाश काढा. वस्तू परत मिळवता येते.

तो वस्तू घेऊनही गेला नाही, ‘गाडीत बस’, ‘आत चल’ म्हणू लागला, तर प्रकार बदलला. आता त्याला तुम्ही हवे आहात. तो नेतोय त्या दुसऱ्या जागी तुमच्यासाठी काहीही चांगलं नसतं, आणि तिथे त्याला अडवणारं कोणी नसतं. जे काही करायचं ते इथेच, लोक ऐकू शकतील अशा ठिकाणी करायचं. अनपेक्षित वागणं इथे सर्वांत जास्त कामाला येतं.

तिसरा प्रकार रागाचा. धक्का लागला, गाडी आडवी आली, मित्रांसमोर अपमान झाला. हा माणूस तुम्हाला मारायला निघालेला असतोच असं नाही, त्याला माघार घेताना तोंड लपवायला जागा हवी असते. त्याला ती जागा द्या. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द भांडणात कोणी अपेक्षित धरत नाही, म्हणून तेही अनपेक्षितच. त्याच्या मित्रांसमोर मात्र त्याला हास्यास्पद करणारं काही करू नका.

चौथा, नशेतला किंवा भ्रमातला माणूस. त्याच्या डोक्यात कुठलं चित्र आहे हे तुम्हाला कळणार नाही, तर ते मोडणार कसं? अंतर वाढवा, आवाज खाली ठेवा, छोटी वाक्यं बोला आणि निघा.

एक प्रकार या लेखाच्या बाहेरचा आहे, पण तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हल्ला करणारा घरातलाच असेल, रोजचा असेल, तर इथल्या युक्त्या तिथे वापरू नका. तो तुम्हाला ओळखतो, आणि आज निसटलात तरी उद्या त्याच छताखाली यावं लागतं. तिथे गुपचूप आखलेली बाहेर पडण्याची योजना लागते: कागदपत्रं आणि थोडे पैसे दुसऱ्याकडे ठेवलेले, विश्वासाचं एक माणूस, आणि या कामात मुरलेल्या संस्थेची किंवा हेल्पलाइनची मदत.

दुसरी पायरी : अंतर, हात आणि पळायची जागा

सॉल्ट लेक सिटीतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. सुरा हातात असलेला माणूस सुमारे 21 फूट अंतर दीड सेकंदात कापतो, आणि तेवढाच वेळ प्रशिक्षित पोलिसाला बंदूक काढून नेम धरायला लागतो. 21 फूट म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या खोलीची लांबी. नवख्यांना वाटतं, चार हात लांब आहे, म्हणजे वेळ आहे. नाहीये. म्हणून अंतर आधीच वाढवायचं असतं, वाद रंगल्यावर नाही. मध्ये काहीतरी येऊ द्या: उभी गाडी, टेबल, खांब, कठडा.

हात छातीच्या उंचीवर, तळवे त्याच्याकडे, बोटं सैल. बघणाऱ्याला हा ‘शांत हो’ असा पवित्रा वाटतो, पण चेहऱ्यावर वार आला तर हात आधीच वाटेत असतात. एक पाय किंचित मागे. आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून ठेवा की आपण पळणार कुठे. ‘इथून पळायचं’ हा विचार अर्धवट आहे. उजेड, माणसं, उघडं दुकान, दार असलेली इमारत यांपैकी एक काहीतरी नक्की करा. ते नक्की झाल्याखेरीज युक्ती सुरू करू नका.

तिसरी पायरी : आधी स्वतःला सोडवा

बोबडी वळणं, हातपाय गार पडणं, पाय जमिनीला खिळणं या गोष्टी भाषेने उगीच जपलेल्या नाहीत. ‘लढा किंवा पळा’ ही शरीराची प्रतिक्रिया वॉल्टर कॅनन यांनी 1915 च्या सुमारास मांडली, पण प्रत्यक्षात बऱ्याच जणांच्या वाट्याला तिसरीच गोष्ट येते, थिजणं. तो भित्रेपणा नव्हे. हल्ल्यात थिजलेल्या आणि पुढे वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहिलेल्या माणसांशी मी बोललो आहे, म्हणून हे ठासून सांगतो.

थिजलेपण मोडायला मोठी हालचाल जमत नाही, छोटी जमते. बुटातल्या बुटात पायाची बोटं आवळा. श्वास तोंडाने सोडा, ऐकू येईल असा. घशातून कुठलाही आवाज काढा, शब्द नसला तरी चालेल. तो आवाज आला की बाकीचं शरीर मागोमाग येतं.

अशा वेळी नजर अरुंद होते, आवाज दबल्यासारखे येतात आणि बोटांचं बारीक काम बिघडतं. फोनचं कुलूप उघडत नाही, किल्ली भोकात जात नाही. म्हणून तुमची युक्ती अशी हवी की तिला बोटांची नजाकत लागत नाही आणि लांबलचक बोलावं लागत नाही.

चौथी पायरी : एक हळू, एक मोठी

शिकायला येणारे विचारतात, किती युक्त्या शिकवणार? दोन. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी 1952 मध्ये दाखवलं की निवडीचे पर्याय वाढले की प्रतिक्रियेचा वेळ वाढतो. वीस डाव येणारा नवखा ऐनवेळी वीस डावांमध्ये हरवतो. एक हळू युक्ती ठरवा, अजून हात लागलेला नाही तेव्हासाठी. एक मोठी ठरवा, हात लागला तेव्हासाठी.

हळू युक्ती म्हणजे त्याला उत्तर शोधायला किंवा मान वळवायला लावणारं छोटं वाक्य. त्याच्या स्वतःच्या शरीराबद्दलचं वाक्य फार चालतं, कारण ते कोणालाच दुर्लक्षित करता येत नाही: पायाला रक्त, पाठीला काहीतरी लागलंय, खिशातून काहीतरी पडलं. दुसरा प्रकार ओळखीचा: ‘अरे, तू अमुकचा भाऊ ना?’ ज्याला अनोळखी राहून काही करायचं आहे तो या प्रश्नाने चपापतो. तिसरा प्रकार आजाराचा: पोट धरून वाकणं, उलटीचा आवाज काढणं. किळस ही फार जुनी गोष्ट आहे, अंगावर ओकणाऱ्यापासून माणूस विचार न करता मागे सरतो. त्याच्यामागे बघून ‘इकडे, इकडे!’ अशी हाक मारणं जुनं असलं तरी चालतं. मात्र तुमचे डोळे खरंच तिकडे गेले पाहिजेत, नुसते शब्द पुरत नाहीत.

सूर महत्त्वाचा. घाबरलेल्या आवाजात म्हटलेलं ‘रक्त येतंय’ त्याच्या चित्रात अगदी फिट्ट बसतं. तेच वाक्य शेजारच्या माणसाला सांगावं तसं, किंचित काळजीने म्हटलं की बसत नाही.

मोठी युक्ती म्हणजे आवाज आणि शरीर एकदम. मनगट धरलं असेल, तर सगळे हात ओढून घेतात आणि पकड घट्ट होते. तुम्ही उलट त्याच्या दिशेने एक पाऊल टाका, कानठळ्या बसतील असं ‘मागे हो!’ ओरडा आणि हात त्याच्या अंगठ्याच्या बाजूने फिरवून सोडवा. पकडीत अंगठा ही सगळ्यात कच्ची बाजू असते. मागून कवळ घातली असेल तर अंग एकदम ढिलं सोडून खाली बसा. निसटणारं धरायला त्याने ताकद लावलेली असते, लोंबकळणारं वजन धरायला नव्हे. खाली गेल्यावर चावा, ओरबाडा, नडगीवर लाथ घाला. पकड सैल होताच उठून पळा, आणखी मारत बसू नका.

काय करू नये, तेही सांगतो. रागावलेल्या माणसावर हसू नका. त्याला हात लावू नका. खिशात किंवा पिशवीत अचानक हात घालू नका, त्याला शस्त्र वाटेल. नसलेल्या शस्त्राची धमकी देऊ नका, कारण ‘काढ मग’ म्हटलं की तुमच्याकडे पुढची चाल नसते.

आपुलकीनेही माणूस गोंधळतो. 2007 मध्ये वॉशिंग्टन डीसीत एका घराच्या अंगणात मित्रमंडळी जेवत होती. बंदूक घेऊन एक माणूस आत शिरला, एका मुलीच्या डोक्यावर बंदूक टेकवून पैसे मागू लागला. कोणाकडे रोकड नव्हती. एका पाहुणीने त्याला वाईनचा ग्लास देऊ केला. त्याने घोट घेतला, चीज खाल्लं, बंदूक खिशात ठेवली, शेवटी मिठी मागितली आणि ग्लास हातात घेऊन निघून गेला. ही घटना मी शिकवताना सांगतो ती फार जपून. तिथे द्यायला पैसेच नव्हते, म्हणजे सरळ मार्ग बंद झाला होता. आणि बोलणारीच्या सुरात खोटेपणा नव्हता. ज्यांना असं मनापासून बोलता येतं त्यांच्यासाठी ही वाट आहे, इतरांनी तिची नक्कल करू नये.

पाचवी पायरी : वाक्य संपायच्या आत पाय उचला

पाल शेपटी टाकते तेव्हा तुटलेली शेपटी वळवळत राहते. मांजर त्या वळवळीकडे बघतं आणि पाल भिंतीच्या फटीत गेलेली असते. शेपटीचं पुढे काय झालं हे बघायला ती थांबत नाही. नवखा माणूस थांबतो. सरावात दहापैकी दहा जण पहिल्यांदा हेच करतात: वाक्य म्हणतात आणि परिणाम झाला का ते बघायला समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावतात. मिळालेला सेकंद तिथेच संपतो.

शेपटी खरीही टाकता येते. पैसे हवे असलेला पण शस्त्र न काढलेला माणूस अंगावर येतोय असं दिसलं, तर पाकीट त्याच्या बाजूला, थोडं लांब फेका आणि उलट्या दिशेने पळा. हातात देऊ नका, देताना मनगट त्याच्या हातात येतं.

पळताना ओरडा, आणि ओरडताना माणूस निवडा. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांच्या 1968 च्या प्रयोगांनी दाखवलं की बघे जितके जास्त तितकी एकेकाची मदतीला येण्याची शक्यता कमी होते, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी जाईल. ‘वाचवा’ ही हाक सगळ्यांना असते, म्हणून कोणालाच नसते. ‘निळा शर्ट, पोलिसांना फोन लावा!’ ही एकालाच असते. बोट दाखवून म्हणा.

सराव

डोक्यात ठरवलेली युक्ती ऐनवेळी डोक्यातच राहते. ती तोंडातून आणि पायांतून गेलेली हवी. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंचा आवाज इतका मऊ होता की पहिले तीन आठवडे त्यांचं ‘मागे हो’ पुढच्या रांगेपर्यंत पोचत नसे. ‘मला आयुष्यात कधी ओरडू दिलेलं नाही’, त्या म्हणाल्या. मी त्यांना उशीत तोंड खुपसून ओरडायला सांगितलं, घरी, रोज दहा वेळा. चौथ्या आठवड्यात त्या उभ्या राहिल्या, श्वास घेतला, आणि त्यांच्यासमोर हल्लेखोर झालेला उंचापुरा मुलगा खरोखर दोन पावलं मागे गेला. त्याला माहीत होतं की ओरडा येणार आहे. तरीही गेला.

घरी कोणीतरी समोर उभं करा. त्याने दरडावत चालून यायचं, तुम्ही आपलं हळू वाक्य म्हणायचं आणि वाक्याच्या मधल्या शब्दावर पाय उचलून ठरलेल्या दाराकडे जायचं. आठवड्यातून दोनदा, दहा-दहा वेळा. मग मोठी युक्ती, जमिनीवर काहीतरी मऊ अंथरून. चालता-फिरतानाही एक सवय लावून घ्या: कुठल्याही नव्या जागेत शिरलात की बाहेर पडायच्या दोन वाटा बघून ठेवायच्या. आठवड्याभरात ते आपोआप होतं.

निसटल्यावर

उजेडात, माणसांत पोचल्याशिवाय थांबू नका. पोचलात की आधी तिथल्या कोणाला तरी ‘माझ्यावर हल्ला झालाय, माझ्याजवळ थांबा’ असं सांगा. पोलिसांना फोन करा, नाहीतर करायला लावा. हात कापतील, रडू येईल, कधी हसूही येईल. ते शरीर उतरणीला लागल्याचं लक्षण आहे. त्याची उंची, कपडे, तो कुठल्या बाजूला गेला, जे आठवेल ते लगेच लिहा किंवा फोनमध्ये बोलून ठेवा. कपडे बदलू नका, अंग धुऊ नका, तपासासाठी ते लागेल.

आणि कोणाला तरी तुमचं अंग उजेडात नीट बघायला सांगा: पाठ, काखा, मांड्यांची मागची बाजू. त्या वेळी वेदना दबलेली असते. सुरा लागलेल्या कितीतरी जणांना आधी नुसता बुक्का बसल्यासारखं वाटतं. हाताला ओलं लागलं तर घडी केलेलं कापड त्या जागी घट्ट दाबा, रक्त थांबलं का हे बघायला ते उचलू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा आणि अँब्युलन्स येईपर्यंत दाब सोडू नका.